आधी पेन्सिल, मग शाई

वादळांना नावं ठेवायचं काम हवामान खात्याकडे असतं. आमच्या घरात ते माझ्याकडे आहे. फक्त मी ती वादळाला ठेवत नाही, आमच्या ह्यांना ठेवते. सदतीस वर्षं ठेवतेय आणि ह्यांच्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही.

ह्यांची नोकरी नुकसान मोजण्याची. वादळ येऊन गेलं की लोक आपल्या फुटक्या खिडक्यांसमोर उभे राहून रडायचे आणि हे त्यांच्यासमोर, कानावर पेन्सिल खोचून आणि हातात टेप घेऊन उभे राहायचे. ऑफिसचा छापील तक्ता होता. त्याच्या शेवटी तीन रकाने: किरकोळ, मध्यम, गंभीर. गंभीर म्हणजे घर राहण्यालायक उरलं नाही, माणसांनी बाहेर पडायचं. मध्यम म्हणजे दुरुस्ती होईतो एखादी खोली बंद ठेवायची. आणि किरकोळ म्हणजे झाडू घ्या आणि कामाला लागा. त्याखाली 'शेरा' म्हणून दोन रिकाम्या ओळी असायच्या, घरात राहणाऱ्यांना काही सांगायचं असेल तर ते लिहायला. त्या ओळींत ह्यांनी एकतीस वर्षं एकच शब्द लिहिला: निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. घरातली बाई शेजारी उभी राहून पाऊण तास सांगत असायची ती वेगळीच.

आमच्या गल्लीत ह्यांना अजून 'किरकोळकाका' म्हणतात. हे बारसं समोरच्या शिंप्यानं केलं. बारा वर्षांपूर्वीच्या वादळात त्याच्या दुकानाचा व्हरांडा खांब-पत्र्यांसकट उडून गेला. हे रस्ता ओलांडून गेले, चारी बाजूंनी मापं घेतली आणि खूण केली: किरकोळ. का, तर व्हरांडा ही राहती खोली नव्हे. शिंप्याचं मशीन व्हरांड्यात, तो स्वतः दिवसाचे बारा तास व्हरांड्यात, पण नियमाला शिंपी माहीत नव्हता. तेव्हापासून तो माझे कपडे एक बोट घट्ट शिवतो आणि विचारलं की म्हणतो, "वहिनी, किरकोळ फरक आहे."

ऑफिसातली ही सवय ऑफिसात राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. आमची लेक सात वर्षांची असताना जिन्याच्या कठड्यावरून पडली. हात लोंबतोय, पोरगी किंचाळतेय, मी अनवाणी धावतेय, आणि ह्यांनी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "किरकोळ आहे." डॉक्टरांना दोन हाडं मोडलेली सापडली. घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला, तर हे शांतपणे म्हणाले, "मी हाताबद्दल नव्हतो म्हणत, कठड्याबद्दल म्हणत होतो."

निवृत्त झाल्यावर ऑफिसनं ह्यांना एक घड्याळ दिलं. ह्यांनी ऑफिसातून मथळा बदलल्यामुळे बाद झालेल्या कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा मागून घेतला. घड्याळ पहिल्याच मोसमात भिजून बंद पडलं, तक्ते अजून संपत नाहीत. तेव्हापासून दर वादळानंतर आमच्या घराची रीतसर पाहणी होते. पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मोडलेल्या प्रत्येक वस्तूवर खडूनं आकडा पडतो. मापाची पट्टी वाचणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा हवा, म्हणजे कुणाला लबाडी करता येत नाही. वाचणारी अर्थात मी. पट्टीवरचा आकडा मी मोठ्यानं म्हणायचा, ह्यांनी तो पुन्हा म्हणायचा आणि लिहायचा. लिहायचा तोही पेन्सिलीनं. शाई दुसऱ्या दिवशी.

"पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो," हे सांगतात, "आणि घाबरलेल्या माणसाला भेग मोठी दिसते. एक दिवस जाऊ द्यावा, पुन्हा बघावं, मग शाई करावी."

मी म्हटलं होतं, लग्नाचंही तसंच ठेवायला हवं होतं. हे म्हणाले, "रजिस्टरात पेन्सिल चालत नाही."

गेल्या मोसमात तीन वादळं झाली. तीनदा तेच घर धुतलं, तीच गादी तीनदा वाळवली, तिसऱ्या वेळी तिला बुरशी आली आणि माझ्या कमरेनं हात टेकले. लेक आता समुद्रापासून लांब, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. 'आई, बाबा, आता इकडेच या' हे तिचं दर रविवारचं फोनवरचं वाक्य. आणि 'घर गंभीर झाल्याशिवाय सोडायचं नसतं' हे ह्यांचं दर रविवारचं उत्तर. एकतीस वर्षं लोकांना तेच सांगितलं म्हणे, आता स्वतःसाठी वेगळा नियम काढायचा का?

या वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी माझं डोकं फिरलं. मी फोन स्पीकरवर टाकला, लेकीला साक्षीला ठेवलं आणि म्हटलं, "ठीक आहे. या वर्षी तुमच्याच तक्त्यात गंभीर आलं तर?"

हे म्हणाले, "तर जायचं. कायमचं. नियम तो नियम."

"आणि नाही आलं तर मी हा विषय जन्मात काढणार नाही," असं मी बोलून बसले. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. फोन ठेवल्यावर मी जीभ चावली, पण लेकीनं ऐकलं होतं आणि ह्यांनी तर मनातल्या मनात शाईसुद्धा केली होती. त्या घरातून बाहेर पडायचं माझं एकमेव दार आता ह्यांच्या पेन्सिलीतून जाणार होतं.

तेव्हा या मोसमात मी वादळाची वाट पाहिली, हे कबूल करते. पाहुण्यांची पाहतात तशी पाहिली. पहिलं वादळ आलं आणि आमच्याकडे न बघताच पुढे गेलं. जाताना शिंप्याची कपडे वाळत घालायची दोरी तेवढी नेली.

दुसरं एका सकाळी आलं. आदल्या दिवशी ह्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. प्रत्येक फळीवर आकडा, प्रत्येक खिडकीवर तोच आकडा, जणू फळ्या चुकून दुसऱ्याच्या घरी जातील. पाणी भरून ठेवलं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि आम्ही दोघं मधल्या बोळात जाऊन बसलो. आमच्या घरात हा एकच भाग बिनखिडकीचा. दोन स्टुलं, एक टॉर्च, एक बिस्किटांचा डबा आणि ह्यांचा टेप.

पहिले दोन तास ह्यांनी आवाजांची यादी सांगितली. "तो पत्रा. किरकोळ. ती कुंडी. किरकोळ. तो बहुतेक शिंप्याचा बोर्ड." स्वयंपाकघरावरचा पत्रा एका कोपऱ्यात सुटून आपटायला लागला होता. दाराखालून पाणी आलं, घोट्याएवढं झालं, मग पोटरीपर्यंत चढलं. आम्ही पाय वर घेऊन बसलो. दुपारच्या सुमाराला वाऱ्यानं दिशा बदलली आणि स्वयंपाकघराकडची भिंत वाजली. मोठा आवाज नव्हता तो. कट्‌ असा, बोट मोडल्यासारखा. ह्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, मी उठून बघायला जाईन आणि पाहणीआधी कशाला तरी हात लावीन म्हणून धरलंय. वारा उतरेपर्यंत सोडलं नाही. सोडलं तेव्हा मनगटावर चार बोटांचे वळ होते.

मी ते ह्यांच्या नाकासमोर धरले. म्हणाले, "किरकोळ."

रात्रीतून पाणी ओसरलं ते गाळ ठेवून. गाळाचं असं आहे की तो ओला असतानाच ओढावा लागतो. एकदा सुकला की खरवडायला आठवडा जातो आणि कंबर जाते ती वेगळी. हे मला माहीत, ह्यांना माहीत, गल्लीतल्या लहान पोराला माहीत. तरी सकाळी मी हातात वायपर घेऊन स्टुलावर बसून राहिले, कारण आधी पाहणी. फ्रिज तोंडावर पडलेला. कपाटाचे खण फुगून बसलेले. आमच्या पलंगाखाली कुणाची तरी एक चप्पल, चांगली नवी, डाव्या पायाची. तिच्यावरही खडूनं आकडा पडला: अकरा.

मी मात्र त्या दिवशी कधी नव्हे ती पाहणीला उत्साहानं मदत केली.

"अहो, इथे बघा, छताला ओल."

"किरकोळ."

"ही चौकट हलतेय."

"ती आपण राहायला आलो तेव्हापासून हलतेय."

"फरशी वर आलीय!"

"एकच आहे."

असं करत करत आम्ही स्वयंपाकघराच्या दारापाशी आलो आणि मला देव पावला. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग. नवी कोरी, आतून सिमेंट दिसणारी. आणि भिंत कुठली, तर जिच्यावर अख्ख्या घराचा भार आहे ती. माझा चेहरा इतका खुलला असेल की ह्यांनी क्षणभर भेगेऐवजी माझ्याकडे पाहिलं.

अशा भिंतीचा नियम मला झोपेतसुद्धा म्हणता येतो. भेग पाच मिलिमीटरच्या आत असेल तर किरकोळ. पाच ते दहा, मध्यम. दहाच्या वर, गंभीर. ह्यांनी भेगेवर मापाची ती पारदर्शक पट्टी धरली. मी टॉर्च मारला आणि वाचलं.

"चार."

"किती?"

"चार."

"नीट बघ."

"अहो, चार! मला काय कमी सांगायची हौस आहे?"

"चार," हे म्हणाले आणि लिहिलं.

खोटं वाचायचा मोह झाला नाही असं नाही. 'बारा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण सदतीस वर्षांच्या संसारात एक काम मी चोख केलंय, पट्टीवर जे असेल ते वाचणं. ते एवढ्यासाठी सोडवलं नाही. माझं दार चार मिलिमीटरवर बंद झालं. मी पदर खोचला आणि गाळ ओढायला घेतला.

दिवस मावळेपर्यंत आम्ही गाळच ओढत होतो. मी वायपरनं दारापर्यंत आणायचा, ह्यांनी फावड्यानं पाटीत भरून बाहेर टाकायचा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ब्लीचिंग पावडरीचं निमित्त आयतंच होतं. शिंपी फावडं मागायला आला. त्याचा बोर्ड गेला होता, गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तरी तेवढ्यात त्यानं संधी सोडली नाही.

"काय काका, स्वतःच्या घराचं काय लिहिलंत?"

"पेन्सिलीत आहे अजून," हे म्हणाले.

"म्हणजे किरकोळ," शिंपी म्हणाला आणि फावडं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पत्र्याला खिळे मारायला शिडीवर चढले. वरून ठोकठोक ऐकू येत होती. मी टेबल पुसत होते. टेबलावर तक्ता होता, वर वजन म्हणून टॉर्च. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी एकही तक्ता उघडून वाचला नव्हता, वाचण्यासारखं त्यात काय असणार? पण त्या सकाळी मला संशय आला. भेग उद्या वाढली तरी घर सोडावं लागू नये म्हणून हा माणूस चाराचे दोन करायलाही कमी करणार नाही, असं वाटलं. मी टॉर्च बाजूला केला.

भार घेणारी भिंत, स्वयंपाकघराकडील, तिरकी भेग: १४ मि.मी.

चाराच्या आधी एक. अंग चोरून उभा असलेला, मागाहून आत शिरलेला एक. आणि खाली गंभीरच्या रकान्यात खूण.

मी खुर्चीवर बसले. नऊ नंबरची, एक पाय मोडलेली, तरी बसले. पहिल्यांदा झाला तो आनंदच, उगाच खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन पडदेसुद्धा लावून आले. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. ज्या माणसानं शिंप्याला एका व्हरांड्याची सूट दिली नाही, मोडक्या हाताच्या लेकीला दिली नाही, त्यानं माझ्यासाठी आकड्यात लबाडी केली. माझ्यासाठी! माझी बुरशी आलेली गादी, माझी कंबर, सगळं ह्यांनी पाहिलं होतं तर. माझा गळा भरून आला. सदतीस वर्षं नावं ठेवली त्या सगळ्यांची मला लाज वाटली. आणि आता हे शिंप्याला तोंड कसं दाखवणार, असंही वाटलं.

हे खाली आले, हात धुतले आणि शाईचं पेन घेऊन टेबलाशी बसले.

"अहो," मी म्हटलं, "हा एक कुठून आला?"

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "भेग वाढते कधीकधी. एका दिवसातही वाढते."

"मग चला, पुन्हा मोजू. मी वाचते."

उठले नाहीत. चष्मा पुसतच राहिले.

"नका सांगू," मी म्हटलं. "मला कळलं सगळं. माझ्यासाठी खोटं लिहिलंत ना?"

ह्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. मनापासून नवल वाटलेलं दिसत होतं.

"तुझ्यासाठी?" हे म्हणाले. "छे, छे. तुझ्यासाठी कशाला?"

भरून आलेला गळा पुन्हा रिकामा करायला मला थोडा वेळ लागला. "मग?" मी विचारलं.

हे खिडकीकडे बघत बसले. फळ्या अजून काढल्या नव्हत्या, तेव्हा दिसत काहीच नव्हतं.

"परवापर्यंत मी वादळात घरी असूनही नुकसानच मोजत बसायचो. भिंत वाजली ना, तेव्हा मला वाटलं, संपलं. आपण दोघं इथेच. पाचावर धारण बसली माझी. तुझा हात धरला तो भीतीनं धरला. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी उतरेल. आज दुसरा दिवस आहे, वर खिळे मारताना दर ठोक्याला ती भिंतच ऐकू येत होती. मला पुन्हा त्या बोळात बसायचं नाही गं. पण भेग चारच. नियमात बसवायची कशी?"

भेग चारची आणि धारण पाचावर. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हे तोंडावर बोलून दाखवलं असतं.

"लोक मला सांगायचे," हे पुढे म्हणाले. "साहेब, आवाज आला. साहेब, मुलं झोपत नाहीत. मी म्हणायचो, आवाज मोजता येत नाही, भेग कुठाय ती दाखवा. हा शिंपी रडत होता त्या दिवशी. मी व्हरांड्याची लांबी विचारत होतो."

मला ह्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती माया. माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या भीतीपायी खोटं लिहिणारा हा माणूस मला त्या क्षणी माझ्यासाठी खोटं लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जवळचा वाटला. कारण परवा त्या बोळात मीही तितकीच घाबरले होते आणि मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय.

मी ह्यांच्या खिशातून खोडरबर काढलं. एक खोडला. मग गंभीरवरची खूण खोडली. कागद दमट होता, फाटू नये म्हणून हळूहळू खोडली.

"अगं, काय करतेस? मग जायचं कशावर?" ह्यांचा चेहरा पार उतरला. "ठरलं होतं ना, गंभीर आलं तरच."

"आकडा आहे तोच लिहा. नाही तर शिंप्यासमोरून बॅगा कशा नेणार आहात?"

"म्हणजे जायचं?"

"तुम्ही घाबरलात, मी घाबरले. घरात माणसंच दोन आहेत, अजून किती घाबरायला हवीत?"

ह्यांनी पेनाचं टोपण काढलं. चारावर शाई केली. किरकोळच्या रकान्यात खूण केली. सही केली, तारीख घातली. मग सवयीनं 'शेरा'पाशी हात गेला, 'नि' लिहायला पेन टेकलं आणि तसंच थांबलं. मला वाटलं, शाई संपली. हे खाली वाकले आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. पेन्सिल कानावरच होती.

लिहून झाल्यावर तक्ता माझ्याकडे सरकवला.

"वाच," म्हणाले. "वाचणारा वेगळा हवा."

मी मोठ्यानं वाचलं: "घर ठीक आहे. राहणारी माणसं फार घाबरली आहेत. घर सोडत आहेत."

"घर सोडत आहेत," ह्यांनी नियमाप्रमाणे माझ्यामागून म्हटलं.